सावकाश उतरणारा कठडा

धाडकन आवाज होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते, आणि आवाज झालाच नाही. नर्सबाईंनी बेडच्या कडेचा कठडा खटका दाबून सोडून दिला होता. एका हातात थर्मामीटर, लक्ष शेजारच्या बेडवरच्या बाईंकडे, आणि माझा उजवा हात कठड्याच्या अगदी वाटेत. अशा वेळी माणूस हात काढून घेत नाही, डोळे मिटतो. हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलं होतं की स्वतःवर वेळ आल्यावर मीही तेच करावं याचं मला क्षणभर हसूच आलं. कठडा आधी झपकन निम्मा खाली आला, मग मध्येच काही आठवल्यासारखा थबकला आणि उरलेलं अंतर इतक्या सबुरीनं उतरला की माझ्या बोटांना तो टेकलेला कळला, लागलेला नाही. मी डोळे उघडले. प्लॅस्टरमधला पाय, त्याच्याखाली दोन उशा, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, खुर्चीवर विणकाम घेऊन बसलेली धाकटी बहीण, सगळं होतं तसंच होतं. पण ते थबकणं माझ्या ओळखीचं होतं. आपल्या मुलाची चाल माणूस गर्दीत मागून ओळखतं, तितकं ओळखीचं.

"ताई, लागलं का गं?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"मग चेहरा का असा झाला?"

"तो कठडा वर करून परत एकदा सोड बघू."

"झालं हिचं सुरू," धाकटी नर्सबाईंना म्हणाली. "पाय मोडला तरी डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना परत बोलवा."

मी नोकरीला लागले तेव्हा आमची कंपनी कपडे धुण्याची मशीनं करायची. त्या मशीनचं झाकण लोखंडी, चांगलं जड, आणि त्याखाली बायकांची बोटं चेंगरायची. तशा तक्रारी आल्या की आमचे तेव्हाचे साहेब म्हणायचे, "बायकांनी जरा लक्ष द्यावं." एकदा ते असं म्हणाले आणि मग त्यांना आठवलं, की खोलीत मीही बसले आहे. तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "तुम्हीच बघा बरं याचं काहीतरी." असं ते काम माझ्याकडे आलं. मी बिजागरीत एक डबी बसवली. आत मधाहून घट्ट ग्रीस आणि त्यात फिरणारं एक पातं. झाकण खाली यायला लागलं की पात्याला ग्रीसमधून वाट काढावी लागते, म्हणून झाकण हळू येतं. पण सगळंच हळू आलं तर माणसाला धीर निघत नाही, तो वरून दाबतो. म्हणून डबीला आतून मी सुरुवातीला सैल आणि पुढे अरुंद केलं: आधी झपकन, मग सावकाश. वाट पाहायला माणसाकडे वेळ नसतो, पण बोटाला तेवढा वेळ द्यायला लागतो. त्या दिवसांत मी घरी जेवताना एका ताटलीवर दुसरी ताटली हळूहळू टेकवत बसायचे. आमचे हे सासूबाईंना म्हणायचे, "आई, मुलगी बघायला गेलो तेव्हा कुणी सांगितलं नाही, की हिच्या डोक्यात बिजागरी आहे म्हणून." सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या डोक्यात तेवढंसुद्धा नाही, जेव."

पहिल्या डब्या काही महिन्यांतच मेल्या. कापून पाहिलं तर ग्रीसची पांढरी, पातळ साय झालेली. गरम पाण्याची वाफ फटीतून आत शिरत होती, थंड होऊन तिचं पाणी होत होतं, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. मग मी डबीच्या तळाशी एक छिद्र पाडलं, काडीच्या गुलाएवढं. ग्रीस घट्ट, ते त्यातून येईना. पाणी मात्र थेंबथेंब निथळून जाई. बस, एवढंच. पहिला थेंब त्या छिद्रातून माझ्या तळहातावर पडला तो क्षण मला मुलीच्या पहिल्या रडण्याइतका आठवतो, आणि हे मी मुलीलाही सांगितलेलं आहे. ती म्हणाली, "बरं झालं, निदान मी पहिल्या दोनांत आहे."

मुलगी झाली तेव्हा मी रजेवर होते. तेवढ्यात कंपनीत काटकसरीची लाट आली. एकेक ड्रॉइंग पुढे घेऊन प्रत्येक खुणेला विचारलं जाऊ लागलं, तू कशाला आहेस? छिद्राला बोलता येत नाही. ड्रॉइंगवर त्याची जागा होती, माप होतं, पण ते का आहे हे नव्हतं, कारण तसं लिहायची पद्धतच नव्हती. मापं लिहायची, कारणं डोक्यात ठेवायची, आणि डोकं रजेवर. छिद्र काढून टाकलं. मी परत आले तेव्हा चाचणीच्या खोलीतून झाकणं आपटल्याचे आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत येत होते. माझी माणसं घामाघूम झाली होती. त्यांनी ग्रीस बदललं होतं, पातं बदललं होतं, ग्रीस विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता. मी डबीच्या तळाखालून बोट फिरवलं आणि विचारलं, "छिद्र कुठे गेलं?" "कुठलं छिद्र?" सगळे एकदम म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. छिद्र ड्रॉइंगवर परत आलं, पण ते दोन शब्द पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपण एक गोष्ट शोधून काढतो, ती वस्तूत उतरवतो, आणि वस्तू ती गोष्ट मुकाट्यानं विसरून जाते.

रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत आमच्याच कंपनीचे ओव्हनवाले बसायचे. एकाच कंपनीचा पगार खाणारी माणसं, पण आम्ही मशीनवाले आणि ते ओव्हनवाले एकमेकांकडे भावकीत जमिनीचा वाद असावा तसे बघायचो. त्यांना ओव्हनच्या दारासाठी आमची डबी हवी होती. विचारलं असतं तर मी नाचत गेले असते. पण विचारणं म्हणजे कमीपणा! ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यांनी रेकॉर्डच्या खोलीतून ड्रॉइंग गुपचूप नेलं, आणि डबी जशीच्या तशी केली. छिद्रासकट. फक्त त्यांचं दार वरून खाली उघडणारं, त्यामुळे डबी बसली उलटी, आणि छिद्र आलं वर. सांडलेलं तेल, पुसायचं साबणाचं पाणी, सगळं त्यातून आत जाऊ लागलं आणि आतच राहू लागलं. आमच्याकडे छिद्र काढलं म्हणून झाकण पडलं, त्यांच्याकडे ठेवलं म्हणून दार पडलं. आणि ते पडलं विक्रेत्यांच्या मेळाव्यात, सगळ्यांच्या देखत, ओव्हनवाल्यांच्या प्रमुखाच्या पायावर. त्यांना सगळे तोफसाहेब म्हणायचे. त्यांनी फोनवर बोलायला सुरुवात केली की समोरचा फोन कानापासून हातभर लांब धरायचा. तोफसाहेब लंगडू लागले आणि मेळाव्यात नसलेल्यांना सांगू लागले, की जिन्यावरून घसरलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. आमच्या कंपनीत पुढच्याला ठेच लागायची, तो दगडावर रुमाल अंथरायचा आणि मागचा त्याच रुमालावरून डौलात चालत यायचा. कारण बढतीच्या वेळी चुका मोजल्या जायच्या. मग चुका सांगणार कोण?

मी रस्ता ओलांडून त्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, पाय कसा आहे?"

"बरा आहे. जिन्यावरून घसरलो."

"तुमचा जिना वरून खाली उघडतो वाटतं?"

ते असे हसले की खिडकीच्या काचा थरथरल्या. "बाई, दार लावा आधी." टेबलाच्या खणातून त्यांनी ती डबी काढली. "होल तुमच्या ड्रॉइंगप्रमाणेच पाडलंय. केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही."

"ते खाली असायला हवं होतं."

"खाली असं कुठं लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग मला काय दृष्टान्त होणार होता?"

त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहेत हे कळताच मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, "गुरुवारी चहाच्या वेळेला आमच्या इमारतीत या आणि हेच सगळ्यांसमोर बोला." "वेड लागलंय का तुम्हाला? लोक हसतील." "हसू देत. पण त्यांच्या पायावर दार पडणार नाही." त्यांनी डबी परत खणात टाकली. पण गुरुवारी आले. ड्रॉइंग ऑफिसच्या लांब टेबलाशी मशीनवाले चहा पीत उभे होते, त्यांच्यामधून लंगडत पुढे आले, खुर्चीवर बसले, बूट काढला, मोजा काढला आणि काळंनिळं पडलेलं नख घेऊन तो पाय सरळ टेबलावर ठेवला. शेजारी डबी ठेवली. "ही डबी, हा अंगठा," तोफ धडाडली, "आता कुणाला काय विचारायचंय ते विचारा." हशा असा उसळला की कुणाच्या तरी हातातला कप सांडला. आणि मग हशा ओसरल्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही: आमच्याच कंपनीच्या पंखेवाल्यांमधला एक अबोल माणूस, जो नुसता गंमत बघायला आला होता, बाहेर गेला आणि तुटलेलं पातं घेऊन परत आला. "हे आमचं," तो म्हणाला. "सहा जणांना ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही."

तिथून गुरुवार सुरू झाला. ज्याचं मोडलं त्यानं ते टेबलावर ठेवायचं आणि सांगायचं. ऐकणाऱ्यानं फक्त 'का' विचारायचं, 'कुणी' विचारायचं नाही. टेबलावर ठेवलेली चूक बढतीत मोजायची नाही, हे पदरात पाडून घ्यायला मला मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर इतक्या वेळा बसावं लागलं, की त्यांचा शिपाई मला घरच्यासारखा पाणी द्यायला लागला. मोठे साहेब म्हणायचे, "हा फसलेल्यांचा बाजार कशाला हवा?" मी म्हणायचे, "साहेब, एकदाच फसायला लागावं म्हणून." शेवटी ते कंटाळले असतील, किंवा पटलं असेल, माझ्या लेखी दोन्ही एकच. प्रत्येक ड्रॉइंगवर विचित्र दिसणाऱ्या खुणेशेजारी तिचं कारण लिहायचं ठरलं. नवं काही काढायच्या आधी जुनं कुणाचं मोडलं होतं, ते विचारून यायचं ठरलं. रस्ता तोच, पण आता त्याच्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं जात होती. ओव्हनवाले आमच्याकडे, आम्ही पंखेवाल्यांकडे, आणि तोफसाहेब सगळ्यांकडे, कारण आता त्यांना आपला अंगठा दाखवायचं व्यसनच लागलं होतं.

मी निवृत्त झाले. मग कंपनीचे तुकडे झाले, एक विकला, दुसऱ्याचं नाव बदललं, त्या इमारती पाडून तिथे दुसरं काहीतरी उभं राहिलं. एकदा जुन्या सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुवार चालू आहे ना हो?" तो म्हणाला, "कसला गुरुवार? आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. सगळं म्हणजे सगळं साठवलंय." "आणि वाचतं कोण?" तो हसला. "ते कशाला विचारता?" मी फोन ठेवला आणि वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, आणि बराच वेळ एकाच चादरीची घडी घालत राहिले. तेव्हापासून मी कंपनीबद्दल बोलणं सोडलं असं धाकटी म्हणते. खरं तर बोलणं सोडलं नव्हतं, विचारणं सोडलं होतं. गेलेल्या माणसाची चौकशी आपण करत नाही, तसं.

आणि आता हा कठडा. बेडच्या पायाशी लावलेल्या छोट्या पट्टीवर त्याच नाव बदललेल्या तुकड्याचं नाव होतं. म्हणजे डबी आमचीच. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ एक भीती आली. तोफसाहेबांनीही डबी हुबेहूब केली होतीच की. यांनी नुसता आकार उचलला होता, की त्यातलं शहाणपणही? माझं आयुष्य गेलं ते आकार काढण्यात नाही, कारण सांगण्यात. ते पोचलं होतं की नव्हतं, हे समजायला एकच जागा होती. मी धाकटीला खुर्ची सरकवायला लावली, कुशीवर वळले, कठड्याच्या बिजागरीखाली हात घातला आणि डबीचा तळ बोटानं चाचपला. गुळगुळीत. पुन्हा चाचपला, कडेनं, मधून, वरून. छिद्र नव्हतं.

कानात व्हरांड्यातले ते जुने आवाज वाजायला लागले. पुन्हा तेच. कुणीतरी पुन्हा ड्रॉइंग पुढे घेतलं होतं, पुन्हा विचारलं होतं तू कशाला आहेस, आणि उत्तर द्यायला खोलीत कुणी नव्हतं. आज सावकाश उतरतोय, पण काही महिन्यांनी आतल्या ग्रीसची साय होईल आणि हा कठडा एखाद्या गुंगीतल्या माणसाच्या मनगटावर पडेल. मी वॉर्डभर नजर फिरवली. दोन्ही बाजूंना हेच बेड, त्यांवर हेच कठडे, आणि त्यांवरून लोंबणारे हात.

"नर्सबाई, हे कठडे वापरू नका," मी म्हणाले.

"का हो? किती छान आहेत! पूर्वीच्यांनी माझी नखं खाल्ली होती."

"तळाला छिद्र नाही."

"छिद्र नाही ते चांगलंच की!" नर्सबाई धाकटीकडे बघून म्हणाल्या, आणि धाकटीनं कपाळाला हात लावला.

मी परत बोट खाली घातलं होतं तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, बोट काढा! आधी बोट काढा!"

पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, कानाजवळचे केस पांढरे, खांद्याला जड पिशवी. ती दर आठवड्याला येते, असं नर्सबाई म्हणाल्या. बेडच्या कंपनीची इंजिनियर, वॉर्डात उभी राहून बेड कसे वापरले जातात ते बघत बसते आणि काय त्रास होतो ते विचारत फिरते. "आणि आज तुम्हालाच एक त्रास भेटलाय," असं म्हणून त्या हसत निघून गेल्या.

"काय शोधत होतात, आजी?"

"ह्या डबीच्या तळाला छिद्र का नाही?"

तिचे डोळे बारीक झाले. ती माझ्या बेडच्या कडेशी वाकली. "असायचं. पूर्वी असायचं. पण तुम्हाला..." मग बहुतेक तिला वाटलं, म्हातारी उगीच बोलते आहे, आणि पेशंटला समजावताना लागतो तसा सूर लावून ती सांगू लागली. "आजी, ही डबी मुळात कपडे धुण्याच्या मशीनची. तिथं वाफ आत जायची, पाणी व्हायचं, ते निथळायला छिद्र होतं. मग एकदा कुणीतरी ते काढलं, झाकणं पडायला लागली. मग दुसऱ्यांनी ते वर ठेवलं. आमच्या कंपनीत एक मोठे साहेब होते, त्यांच्या पायावर भट्टीचं दार पडलं आणि पाचही बोटं मोडली. तसेच कुबड्या घेऊन ते सभेत आले—"

अंगठा, एकच, आणि कुबड्या नव्हत्याच, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ओठ दाबून धरले. छातीत काहीतरी इतक्या जोरानं उघडत होतं, की प्लॅस्टरमधल्या पायाचीही मला आठवण राहिली नाही.

"आम्ही बेड करायला घेतला तेव्हा पहिल्याच गुरुवारी ही गोष्ट ऐकली," ती म्हणाली. "गुरुवार म्हणजे आमच्याकडे एक—ते असो. मध्ये बंद पडला होता तो, सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. मग तीच चूक दोन ठिकाणी झाली, तेव्हा आम्ही काही जणांनी परत सुरू केला. कॉम्प्युटरवर काय मोडलं ते सापडत होतं, पण आपण काय विचारायचं ते सापडत नव्हतं. तर आम्ही म्हटलं, छिद्र का आहे? आतलं पाणी बाहेर जायला. इथे वाफ आहे का? नाही. उलट हे बेड रोज चारी बाजूंनी जंतुनाशकानं धुतात. इथे छिद्र ठेवलं तर पाणी आतच जाणार. म्हणून बंद केलं. कारण माहीत होतं म्हणूनच काढता आलं."

धाकटी विणकाम मांडीवर टाकून माझ्याकडे टक लावून बघत होती. इतक्या वर्षांत जी गोष्ट ऐकताना ती जांभया देत आली होती, ती एका परक्या बाईच्या तोंडून येत होती. "अहो," ती एकदम म्हणाली, "ही तीच, हिनंच—"

मी तिच्या मनगटाला असा चिमटा काढला की ती "आई गं" म्हणून ओरडली. का काढला? तिला नंतर सांगितलं ते इथेही सांगते. माझं नाव कळलं असतं तर ही बाई ताठ उभी राहिली असती, माझ्याबरोबर फोटो काढला असता, मला बाई म्हणाली असती. आणि मग ती माझ्याशी भांडली नसती. पूर्वजांशी कुणी भांडत नाही.

"पण डबी पूर्ण बंद केलीत," मी म्हणाले, "मग उन्हाच्या खिडकीशी बेड असला की आतली हवा तापून फुगणार. ती ग्रीसला फटीतून बाहेर ढकलणार नाही का?"

पिशवी खांद्यावरून उतरवून तिनं जमिनीवर ठेवली. पेशंटला समजावण्याचा सूर गेला. "हे तुम्हाला कसं सुचलं?"

"म्हातारपणी वेळ असतो. झालं का तसं?"

"झालं. दुसऱ्या खेपेला अगदी तस्संच झालं. माझंच काम होतं ते. मीच टेबलावर ठेवलं." आणि हे सांगताना तिचा चेहरा पडला नाही. तिनं तो असा उचलला, जसा एखादी बाई आपल्या मुलीचं कौतुक सांगताना उचलते. "मग आम्ही आत एक पातळ रबराचा पडदा बसवला. हवा फुगली की पडदा फुगतो, ग्रीस जागच्या जागी."

पडदा. मला कधीच सुचला नव्हता. माझ्या डबीच्या पोटात माझ्या अपरोक्ष एक पडदा श्वास घेत होता, आणि तो तिथे का होता हे मला माझ्या मुलीच्या वयाची एक बाई सांगत होती. मी काढलेल्या वस्तूबद्दल माझ्याहून जास्त जाणणारं माणूस माझ्या बेडशी वाकलेलं होतं. याहून मोठं काही मी आयुष्यात मागितलं नव्हतं, आणि हे मागायचंही मला कधी सुचलं नव्हतं. मी मोठ्यानं हसले. पलीकडच्या बेडवरच्या बाईंनी मान वळवली, धाकटीही हसायला लागली, आपण का हसतोय ते न कळता, आणि मग ती इंजिनियरसुद्धा.

"बरं," मी डोळे पुसून म्हणाले, "आणि जंतुनाशकानं रबर कडक होऊन पडदा फाटला तर?"

"आजी!" ती म्हणाली. "ह्याच्यावरून परवा आमच्यात हमरीतुमरी झाली."

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, बाकीच्यांचं वेगळं."

"तुझं चूक असणार."

"का?" ती तटकन म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर भांडायला बसली.